न्यू ऑर्डर ऐकायचंय? मग शेवटाकडून सुरू करा

न्यू ऑर्डर ऐकून बघू म्हणलं की लोक काय करतात, सरळ ब्लू मंडे लावतात, ते संपलं की ॲप आपल्या मनाने जॉय डिव्हिजनचं, म्हणजे यांच्याच आधीच्या बँडचं, काहीतरी उदास काळंकुट्ट लावतं, त्यानंतर १९९० चं इंग्लंडच्या फुटबॉल टीमसाठी केलेलं गाणं येतं ज्यात चक्क एक फुटबॉलपटू रॅप करतोय, आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस विचारतो की बाबांनो हा एकच बँड आहे का चार वेगळे. प्रश्न रास्त आहे. काम चाळीस वर्षांच्या वर पसरलेलं, मधे नाव बदललं, माणसं गेली, माणसं आली, दोनतीनदा दुकान बंद होऊन परत उघडलं. त्यामुळे कुठूनही उडी मारली तर बुडणारच.

म्हणून मी कोणी विचारलं की उलटा रस्ता सांगतो. २०१५ ला हे लोक परत आले तो अल्बम आधी ऐका, म्युझिक कम्प्लीट नाव त्याचं, आणि तिथून मागे मागे जा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कव्हर डोळ्यासमोर ठेवून ऐका. बाकी बँडच्या बाबतीत हे मी सांगणार नाही, बऱ्याच कव्हरवर बँडचे चारजण भिंतीला टेकून उभे असतात, त्यात बघायचं काय. इथे मात्र कव्हर करणारा माणूस, पीटर सॅव्हिल, १९७९ पासून जवळपास तोच आहे आणि तो बँडमधल्या कोणाइतकाच महत्त्वाचा आहे असं माझं मत.

आधी पटकन मागची गोष्ट, फार लांबवत नाही. १९७६ ला मँचेस्टरमधे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम बघून काही पोरांनी बँड काढला, तो पुढे जॉय डिव्हिजन झाला. (मँचेस्टर म्हणजे कापड गिरण्यांचं तेच गाव ज्याच्यावरून आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. ७० च्या दशकात तिथल्या गिरण्या बंद पडलेल्या, रिकाम्या इमारती, ते सगळं त्या आवाजात ऐकू येतं.) गायक इयन कर्टिसने १८ मे १९८० ला आत्महत्या केली, अमेरिकेचा दौरा दुसऱ्या दिवशी निघणार होता. उरले तिघे, बर्नार्ड समनर (गिटार, पुढे गाणंही त्याच्याकडेच), पीटर हुक (बेस गिटार) आणि स्टीफन मॉरिस (ड्रम). त्यांनी ते नावच सोडून दिलं, न्यू ऑर्डर हे नवीन नाव घेतलं, कीबोर्ड आणि गिटारला गिलियन गिल्बर्टला आणलं आणि हळूहळू गिटारवाल्या पोस्ट पंकमधून मशीनवर नाचायच्या म्युझिककडे सरकले. बास, एवढं पुरे सुरुवातीला.

आता २०१५ च्या अल्बमला परत येणं का म्हणायचं ते समजून घ्या, कारण कान कुठे लावायचा ते त्यावरच ठरतं. २००१ आणि २००५ चे त्यांचे दोन अल्बम बऱ्यापैकी गिटारचे होते. गिलियन त्याच सुमारास घरच्या जबाबदारीमुळे बाजूला झालेली. २००७ ला पीटर हुक बाहेर पडला, आणि तेही गोडीत नाही, पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ ला मिटलं. सगळे धरून चालले होते की संपला विषय. मग २०११ ला ब्रसेल्स आणि पॅरिसला एका आजारी जुन्या सहकाऱ्याच्या मदतीसाठी दोन कार्यक्रम केले, त्यात गिलियन परत कीबोर्डवर, हुकच्या जागी टॉम चॅपमन, गिटारला फिल कनिंगहॅम. २०१३ ला एक छोटा अल्बम आला पण ती आधीच्याच रेकॉर्डिंगमधली उरलेली गाणी होती, त्यात बेस हुकचाच. म्हणजे खरोखर नवीन गाणी दहा वर्षांनी आली ती सप्टेंबर २०१५ मधे, आणि तीही नव्या कंपनीकडून, म्यूट रेकॉर्ड्सकडून. म्यूट म्हणजे डॅनियल मिलरने १९७८ ला काढलेली कंपनी, डेपेश मोड तिथलेच, सिंथवाल्यांचं, म्हणजे सिंथेसायझर वाजवणाऱ्यांचं, माहेरच म्हणा.

तर मुद्दा असा की या अल्बममधे हुक नाही हे शोधत बसू नका, गिलियन आहे हे शोधा. अर्धे जुने फॅन पहिली गोष्ट करतात आणि रडत बसतात.

ऐकायची तयारी. फोनचा स्पीकर नको, तो या म्युझिकचा खालचा अर्धा भाग खातो. वायरवाले साधे इयरफोन पण चालतील, महागच पाहिजेत असं काही नाही. इक्वलायझरमधे बेस बूस्ट नावाचं जे असतं ते बंद करा, हे मनापासून सांगतो, कारण यांच्या गाण्यात खाली एकाच वेळी दोन गोष्टी चाललेल्या असतात, एक सीक्वेन्सरवर (आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं मशीन) चालणारा सिंथचा बेस आणि दुसरी हाताने वाजवलेली बेस गिटार, आणि बूस्ट लावलं की दोन्हीचा मिळून एक गोळा होतो, मग काय ऐकणार तुम्ही. शफल बंद. फुकटवाल्या ॲपवर मधे जाहिरात येते आणि गाणी पण मागेपुढे होतात, त्यापेक्षा ज्याच्याकडे पैसे भरलेलं अकाऊंट आहे अशा मित्राला गाठा. अकरा गाणी आहेत, तासाच्या थोडं वर जातं.

लावायच्या आधी कव्हर मोठं करून बघा. ॲपवरचा अंगठ्याएवढा चौकोन नव्हे, इमेज शोधून अख्ख्या स्क्रीनवर. सरळ रेषा, तिरके तुकडे, भडक सपाट रंग. चेहरा नाही, फोटो नाही. सॅव्हिलच्या देखरेखीखाली पॉल हेदरिंग्टनने डिझाइन केलंय आणि एकच चित्र नाहीये ते, सीडीला एक, रेकॉर्डला दुसरं असं फॉरमॅटप्रमाणे रंग बदलतात. म्हणजे तुमच्या मित्राकडचं कव्हर आणि तुमचं कव्हर एकसारखं नसेल तर डुप्लिकेट माल आहे असं समजू नका. आणि हे रंगाचे तुकडे म्हणजे उगाच सजावट नाही, या अल्बमच्या तीसेक वर्षं आधी सॅव्हिलनेच रंगांची लिपी करून बँडचं नाव लपवलं होतं, त्याच्यावर पुढे येतोच.

आता गाणी. पहिलं रेस्टलेस, ठीकठाक, गिटारचं, ओळखीचं, जुन्या लोकांना घाबरवू नये म्हणून पुढे ठेवल्यासारखं. त्यावरून अल्बमबद्दल मत बनवू नका. दुसरं सिंग्युलॅरिटी, केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक जोडीतल्या टॉम रोलँड्सने प्रोड्यूस केलंय, सुरुवातीला बेस आणि ड्रम असे येतात की क्षणभर १९७९ आहे असं वाटतं आणि मग सिंथ वरून कोसळतो. याचा व्हिडिओ मुद्दाम बघा, ८० च्या दशकातल्या पश्चिम बर्लिनची खरी फुटेज आहे त्यात, भिंत उभी असतानाचं शहर.

तिसरं प्लास्टिक. इथे थांबा. जवळपास सात मिनिटं आहे आणि माझ्या मते अख्ख्या परतीचं कारण याच गाण्यात आहे. सुरुवातीला सीक्वेन्सरचा एक धावता पट्टा येतो, एकाच लयीत न थकता, १९७० च्या दशकातल्या युरोपियन डिस्कोची आठवण करून देणारा. पहिल्यांदा ऐकताना फक्त तो पट्टा धरा. दुसऱ्यांदा ऐकताना ड्रमकडे लक्ष द्या, स्टीफन मॉरिसची खासियत अशी की माणूस मशीनसारखा वाजवतो, आणि मशीन लावलं तरी ते माणसासारखं वाटेल असं बसवतो, त्यामुळे कुठे हात आहे आणि कुठे प्रोग्रॅमिंग ते पटकन कळत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना मागच्या बाईच्या आवाजाकडे, ती एली जॅक्सन, ला रू या नावाने गाणारी. समनरचा आवाज मुळात बारीक आणि थोडा कोरा, तो कधीच मोठा गायक नव्हता आणि तसा दावाही त्याने केला नाही, पण त्या कोऱ्या आवाजाशेजारी तिचा आवाज ठेवला की गाण्याला खोली येते. एकाच गाण्याला तीन वेळा कोण ऐकणार असं म्हणाल तर निदान दोनदा ऐका राव.

चौथं टुटी फ्रुटी, नावावरून आइस्क्रीम पार्लर आठवेल, त्यात एक जाड पुरुषी आवाज इटालियनमधे बोलतो आणि खाली तार वाद्यांचा अख्खा ताफा, हे गाणं गंभीर चेहऱ्याने ऐकायचंच नाही. पाचवं पीपल ऑन द हाय लाइन, हाय लाइन म्हणजे न्यूयॉर्कमधे जुन्या उंचावरच्या मालगाडीच्या रुळांवर केलेली बाग, गाण्यात फंकी गिटार आणि हाउसवाला (म्हणजे क्लबमधल्या नाचायच्या म्युझिकमधला) पियानो आहे आणि एली जॅक्सन परत आहे. हे तीन, चार, पाच सलग ऐका, मधे चहा ठेवायला उठू नका. ज्या बँडमधल्या लोकांचं वय साठीच्या आसपास होतं त्यांनी हे केलंय हे ऐकताना लक्षात पण येत नाही.

सहाव्यात इगी पॉप हा जुना अमेरिकन पंक गायक आहे, तो गात नाही, समनरची कविता खरखरीत आवाजात वाचतो. आवडलं तर खूप आवडतं नाहीतर अजिबात नाही, माझ्या ओळखीत मधलं कोणी भेटलं नाही. ॲकॅडमिक गिटारचं आणि चांगलं आहे. नथिंग बट अ फूल लांबलंय, दोन मिनिटं कापता आली असती. अनलर्न धिस हेट्रेड परत रोलँड्सचं. द गेम चालतंय. शेवटचं सुपरहीटेड, यात द किलर्सचा ब्रँडन फ्लॉवर्स गातोय, आणि यामागची गंमत माहीत असली तर मजा येते. २००१ ला न्यू ऑर्डरच्या क्रिस्टल गाण्याच्या व्हिडिओत एक खोटा तरुण बँड दाखवला होता, त्यांच्या ड्रमवर द किलर्स असं लिहिलेलं. लास वेगासच्या पोरांनी ते नाव उचललं आणि खरा बँड काढला. त्याच बँडचा गायक चौदा वर्षांनी मूळ लोकांच्या अल्बममधे शेवटचं गाणं म्हणतोय.

बरं आता बेसचं बोलू, कारण मागे जायचं तर ते समजायला हवं. हुक बेस गिटार वरच्या सुरांत वाजवायचा, म्हणजे बेसवाला सहसा खाली बसून ठेका धरतो तसं नाही, मुख्य चालच त्याची. याची सुरुवात साध्या अडचणीतून झाली, ॲम्प भंगार होते, समनरची गिटार कर्कश्श, खालच्या पट्टीत वाजवलं तर हुकला स्वतःचंच ऐकू येईना म्हणून तो वर सरकला आणि ते इयन कर्टिसला आवडलं. टॉम चॅपमन तसा वाजवतो अधूनमधून पण त्याचं काम निराळं आहे, तो गाण्याच्या आत बसतो. आता जुनी गाणी लावली की फरक लगेच कळेल, आणि तेव्हा हुकची किंमतही कळेल, पण ती त्या जागी.

मागे जाताना पहिला मुक्काम ब्लू मंडे, ७ मार्च १९८३. पण कुठलं ब्लू मंडे ते बघून घ्या. स्ट्रीमिंगवर ढीगभर आहेत, १९८८ चं रिमिक्सही आहे. मूळ गाणं साडेसात मिनिटांचं, ७:२९ लिहिलेलं दिसलं की तेच. सुरुवातीला ड्रम मशीनचा एकच ठोका, काही वेळ सरळ, मग एकदम मशीनगनसारखी तडतड, परत सरळ. ओबरहाइम डीएमएक्स नावाचं ते मशीन. मग एकेक थर चढत जातो, घाई नाही, माणसाचा आवाज यायला दोन मिनिटं उलटून जातात. मधे एक गूढ कोरस येतो, आआआ करणारा, तो क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या १९७५ च्या रेकॉर्डवरून सॅम्पल केलाय, म्हणजे तुकडा उचलून वापरलाय. सीक्वेन्सर समनरने किटचे सुटे भाग आणून घरी जोडलेला. त्यावर गिलियनने अख्खी चाल कागदावर एकेक पायरी लिहून भरली, त्यात एक सूर राहून गेला, त्यामुळे ती सिंथची चाल ठेक्याशी तंतोतंत बसत नाही, थोडी सरकलेली वाटते. ऐकताना ती सरकलेली जागा पकडायचा प्रयत्न करा. एकदा ऐकू आली की प्रत्येक वेळी येते, आणि दुरुस्त केली असती तर गाणं निम्मं झालं असतं.

याचं कव्हर म्हणजे जुनी सव्वापाच इंची फ्लॉपी. ज्यांनी फ्लॉपी पाहिलीच नाही त्यांनी घरातल्या काका-मामांना विचारा, शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमधे असायची काळी चौकोनी पातळ. सॅव्हिल बँडला भेटायला गेलेला, तिथे ही वस्तू पडलेली दिसली, त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली, विचारलं हे काय आहे, उचलून घेऊन गेला आणि कव्हर तसंच केलं. पुठ्ठ्याला फ्लॉपीसारखी भोकं पाडलेली, त्यातून आतलं चंदेरी पाकीट दिसतं. त्या भोकांमुळे छपाई इतकी महाग पडली की दर कॉपीमागे कंपनीला तोटा व्हायचा ही गोष्ट फॅक्टरी रेकॉर्ड्सवाले, म्हणजे तेव्हाची यांची कंपनी, स्वतःच रंगवून सांगायचे, तोट्याचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. आणि रेकॉर्ड विकली तर गेली प्रचंड. पुढच्या आवृत्त्यांमधे भोकं गाळली. जुन्या बाजारात कोणी पहिली आवृत्ती म्हणून विकत असेल तर पहिलं काम, बोट घालून बघा भोकं आहेत का नुसती छापलेली.

कव्हरवर पुढे बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. उजव्या कडेला रंगीत तुकड्यांची एक पट्टी आहे फक्त. ती पट्टी म्हणजे लिपी आहे, एकेक रंग किंवा रंगांची जोडी म्हणजे एकेक अक्षर किंवा आकडा. तिच्यात कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावं आणि बँडचं नाव सगळं लिहिलंय. पण ती वाचायची किल्ली कुठे होती? तर दोन महिन्यांनी, मे १९८३ मधे आलेल्या पॉवर, करप्शन अँड लाइज या अल्बमच्या मागच्या बाजूला, रंगांच्या चक्राच्या रूपात. म्हणजे मार्चमधे ज्याने ब्लू मंडे विकत घेतलं त्याच्याकडे कुलूप होतं आणि किल्ली मे महिन्यात आली, तीही दुसऱ्या रेकॉर्डवर, आणि कोणी सांगितलंही नाही की ही किल्ली आहे.

घरी करून बघायचं असेल तर दोन्ही कव्हरच्या मोठ्या इमेज घ्या, एका बाजूला चक्र, दुसऱ्या बाजूला पट्टी, आणि रंग जुळवत बसा. स्क्रीनची नाइट मोड बंद करा, नाहीतर पिवळा आणि नारिंगी एकच दिसतो. अल्बमच्या पुढच्या बाजूला वर उजव्या कोपऱ्यात छोटा रंगीत तुकडा आहे, तिथून सुरू करा, त्यात फक्त नंबर आहे, एफएसीटी ७५, सोपं आहे. ते जमलं की ब्लू मंडेची लांब पट्टी घ्या. लहान मुलं घरात असतील तर त्यांना द्या, ती आपल्यापेक्षा पटकन सोडवतात.

त्याच अल्बमचं पुढचं चित्र म्हणजे गुलाबाच्या फुलांची टोपली, १८९० चं तैलचित्र, फांतां-लातूर नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अल्बमचं नाव सत्ता, भ्रष्टाचार आणि खोटेपणा, आणि कव्हरवर आजीच्या दिवाणखान्यात शोभेल असं फुलांचं चित्र. सॅव्हिल गॅलरीत गेला होता मॅकियाव्हेली या राजकारणावर लिहिणाऱ्या इटालियन लेखकाच्या काळातल्या कुठल्यातरी कपटी राजपुत्राचं चित्र शोधायला, मिळालं नाही, तिथून निघताना फुलांचं पोस्टकार्ड घेतलं आणि तेच वापरलं. २०१० ला ब्रिटनच्या पोस्टाने गाजलेल्या अल्बम कव्हरची तिकिटं काढली त्यात हे कव्हर आहे, तिकिटं गोळा करणाऱ्यांनी शोधा. आणि एक, ब्लू मंडे या अल्बमच्या मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर नव्हतं, नंतरच्या काही आवृत्त्यांत घुसवलं, त्यामुळे यादीत ते दिसलं तर वगळून मूळ आठ गाणीच ऐका.

स्ट्रीमिंगवर आणखी एक खड्डा आहे. १९८७ चा सब्स्टन्स हा सिंगल्सचा संग्रह, उत्तम संग्रह, नवीन माणसाला एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर मी तीच सांगेन, पण त्यात टेम्प्टेशन आणि कन्फ्युजन ही दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केलेली आहेत. १९८२ चं मूळ टेम्प्टेशन वेगळं, ओबडधोबड आणि माझ्या मते जास्त जिवंत. दोन्ही ऐका आणि ठरवा.

मधले अल्बम पटापट. लो-लाइफ, १९८५, यावर पहिल्यांदा बँडचे चेहरे आले, पण पुढे गायक नाही तर ड्रमवाला मॉरिस, आणि वर ट्रेसिंग पेपरचं आवरण. ब्रदरहुड, १९८६, कव्हरवर धातूच्या पत्र्याचा फोटो, बाकी काही नाही. टेक्निक, १९८९, काही भाग स्पेनच्या इबिझा बेटावर रेकॉर्ड झाला आणि तिथल्या क्लबची हवा गाण्यांत शिरली. त्याच दशकात आपल्याकडे अंजुण्याच्या किनाऱ्यावर डीजे लोक युरोपातलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक कॅसेटवर उतरवून, शब्द कापून, नुसता ठेका रात्रभर चालवत होते, तर टेक्निकमधलं फाइन टाइम ऐकताना गोव्याच्या लोकांना काहीतरी ओळखीचं वाटलं तर नवल नाही. १९९२ ला फॅक्टरी रेकॉर्ड्स दिवाळखोरीत गेली, त्यात बँडचेही पैसे अडकले, कारण यांच्या कमाईवर हासिएंडा नावाचा तोट्यातला नाइटक्लब चालवला होता. या कंपनीची तऱ्हाच वेगळी, प्रत्येक गोष्टीला कॅटलॉग नंबर द्यायची, क्लबला ५१, क्लबमधल्या मांजराला १९१, आणि शेवटी २००७ ला मालक टोनी विल्सन गेला तर त्याच्या शवपेटीला ५०१.

आता सगळ्यात मागे, जॉय डिव्हिजन. इथे शेवटी यायचं. अननोन प्लेझर्स, १९७९. त्याचं कव्हर तुम्ही पाहिलंय, टीशर्टवर नक्की पाहिलंय, काळ्यावर पांढऱ्या लाटांसारख्या रेषा, डोंगररांगांसारख्या. कॉलेजात दर दुसऱ्या पोराच्या अंगावर असतो आणि विचारलं तर म्हणतो डिझाइन आहे. त्या रेषा एका पल्सारच्या, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या आहेत, सीपी १९१९, पहिला सापडलेला पल्सार, १९६७ ला जोसेलिन बेल यांना केंब्रिजमधे सापडला. दर १.३४ सेकंदाला त्याचा एक रेडिओ ठोका येतो, एकाखाली एक ठोके मांडले की हे चित्र होतं. समनरला ते खगोलशास्त्राच्या एका कोशात दिसलं, पुस्तकात पांढऱ्यावर काळं होतं, सॅव्हिलने उलटं केलं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस डिशची जी जीएमआरटी दुर्बीण आहे ना, तिचं एक मोठं काम हेच, पल्सारचे ठोके ऐकणं. विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली असते, तो टीशर्ट घालून जायला योग्य जागा महाराष्ट्रात तीच.

हा अल्बम ऐकताना बेस बूस्टचा नियम परत लागू, आणि ड्रमकडे लक्ष ठेवा, प्रोड्यूसर मार्टिन हॅनेटने प्रत्येक ठोका वेगळा सुटा आणि थंड केलाय. तिथून परत प्लास्टिक लावलंत तर ठोक्यांमधली तीच रिकामी जागा तुम्हाला ३६ वर्षांनी दिसेल, फक्त आता तिच्यात दिवे लावलेत. दुसरा अल्बम क्लोजर, १९८०, कव्हरवर इटलीतल्या जिनोव्हाच्या स्मशानातल्या कबरीवरच्या शिल्पाचा फोटो. कर्टिस जायच्या आधीच तो निवडलेला होता, छापून आला तो नंतर. मन ठिकाणावर असेल त्या दिवशीच ऐका हा.

रेकॉर्ड विकत घ्यायची तर. म्युझिक कम्प्लीट दोन एलपींचा सेट आहे, एकच रेकॉर्ड मिळत असेल तर काहीतरी गडबड आहे. शिवाय आठ रंगीत रेकॉर्डचा मोठा बॉक्सही निघाला, त्यात अकराच्या अकरा गाण्यांच्या लांबवलेल्या आवृत्त्या, तोच माल २०१६ ला कम्प्लीट म्युझिक असं नाव उलटं करून वेगळा आला, तर मागवताना नाव दोनदा वाचा. मुंबईत काळ्या घोड्याचं रिदम हाउस २०१६ लाच बंद झालं, आता बाहेरून मागवणं किंवा ऑनलाइन दुकानं. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी आणि पार्सल धरून हिशोब करा, बऱ्याचदा रेकॉर्डपेक्षा वरचा खर्चच जास्त होतो. विक्रेत्याला सांगून रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून पाठवायला लावा, नाहीतर प्रवासात रेकॉर्ड आतून कव्हरची कड फाडते, आणि इथे कव्हरसाठीच तर पैसे घालतोय आपण.

हे सगळं झाल्यावर दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे २०१७ ला मँचेस्टरच्या महोत्सवातला कार्यक्रम, कलाकार लियम गिलिक याने मंच बांधला, मागे दुमजली खाने, त्यात संगीत महाविद्यालयाचे बारा विद्यार्थी एकेक सिंथ घेऊन बसलेले आणि खान्यांच्या झडपा उघडमीट होत होत्या. जागा ग्रॅनाडा टीव्हीचा जुना स्टुडिओ, जिथून १९७८ ला जॉय डिव्हिजन पहिल्यांदा टीव्हीवर दिसले. तिथे त्यांनी ब्लू मंडे वाजवलंच नाही, कमी ऐकलेली जुनी गाणी काढून त्यांची बारा सिंथसाठी नव्याने मांडणी केली. रेकॉर्डिंग २०१९ ला आलं, नाव एखाद्या गणिताच्या समीकरणासारखं आहे, टाइप करायच्या फंदात पडू नका, बँडच्या पानावर जाऊन वर्ष बघून शोधा.

दुसरी म्हणजे बी अ रेबेल, सप्टेंबर २०२०, कोविडमधे आलेलं एकच गाणं. पेट शॉप बॉइजबरोबरचा दौरा ठरलेला होता तो पुढे ढकलला गेला, गाणं मात्र सोडलं. आधी डिजिटल, मग १२ इंची रेकॉर्डवर, कबुतरी राखाडी रंगाची. रेकॉर्डवर रिमिक्स आहेत आणि शब्दांशिवायचं पण आहे, आधी ते शब्दांशिवायचं लावा, गिलियनचा कीबोर्ड त्यात उघडा ऐकू येतो.